बागेवरची खोली आणि पांढरा वजीर

१

रविवारी सकाळी बागेतल्या फरसबंद पटावर मोहरे मांडून झाले आणि पांढऱ्या राजाच्या शेजारचं घर रिकामंच राहिलं.

आधी कुणाला त्याचं काही वाटलं नाही. वजीर कोठीत राहिला असेल, आणेल कुणीतरी. आणायला गेलेला माणूस हात हलवत परत आला. मग दोघे गेले, मग चौघे. कोठीतल्या घडीच्या खुर्च्या बाहेर निघाल्या, गवत कापायचं यंत्र निघालं, पाण्याच्या नळ्यांची वेटोळी निघाली. वजीर काही निघाला नाही. गुडघ्याएवढा उंच, दोन्ही हातांनी उचलावा लागणारा लाकडी वजीर ही काही खिशात घालून नेण्याची वस्तू नव्हे. तो हरवला नव्हता, कुणीतरी नेला होता, आणि हे लक्षात आल्यावर सगळ्यांच्या तोंडचं पाणी पळालं.

या बागेभोवती राहणाऱ्यांचं बागेवर भारी प्रेम, आणि त्याहून जास्त प्रेम एकमेकांच्या कारभारावर. इथे कुणी शिंकलं तर चार खिडक्यांतून औषधं सुचवली जात. बागेच्या कोपऱ्यात सगळ्यांची मिळून एक कोठी होती. तिच्यात एक शिडी, एक ड्रिल, एक शिलाई मशीन आणि बुद्धिबळाचे ते मोठे मोहरे. किल्ली पाळीपाळीनं एका घरातून दुसऱ्या घरात जायची. नियम एकच होता: वस्तू जशी नेली तशी नव्हे, नेली त्याहून बरी करून परत ठेवायची. शिडी नेली तर पुसून, कात्री नेली तर धार लावून. नव्या भाडेकरूला हा नियम कुणी सांगत नसे. त्याला तो आपोआप कळावा अशी अपेक्षा असे, आणि नाही कळला तर मागे कुजबुजायला सगळे मोकळे.

मोहरे घडवले होते नानांच्या थोरल्या भावानं. नाना म्हणजे बागेसमोरच्या घराचे मालक. भाऊ आजारी पडला तेव्हा वादळात पडलेल्या झाडाचं लाकूड घेऊन बागेतल्या मंडपात बसायचा आणि एकेक मोहरा कोरायचा. सगळ्यांत शेवटी झाला पांढरा वजीर. तो झाला आणि भाऊही गेला.

"हा गेला म्हणजे माझा भाऊ दुसऱ्यांदा गेला," नाना पटाच्या कडेला उभे राहून म्हणाले. मग त्यांनी विचारलं, "किल्लीची पाळी कुणाची?"

सगळ्यांनी नुसतं वर पाहिलं, नानांच्या पहिल्या मजल्याच्या सज्जाकडे. तिथे बासरीवाली ओले केस पुसत उभी होती, आणि खाली काय चाललंय याचा तिला पत्ता नव्हता.

त्या गर्दीतल्या एका बाईला मात्र वजिराचं दुःख व्हायच्या आधी काळजाला गारवा वाटला. तिला सगळे विमाबाई म्हणत. सारी नोकरी विमा कंपनीत गेलेली. स्वतःचंच दुकान जाळून भरपाई मागणारे महाभाग तिनं नुसत्या राखेवरून पकडले होते. आता ती निवृत्त होती, नानांच्याच घरात पहिल्या मजल्यावर मागच्या खोल्यांत नवऱ्यासोबत राहत होती, आणि कुणाचं खोटं पकडायला मिळत नसल्यामुळे जरा कंटाळली होती.

नाना तिच्यापाशी आले आणि हळूच म्हणाले, "पोलिसांना बोलावलं तर बागेची शोभा होईल. तुम्हीच बघा. मुलीनं केलं असेल तर महिनाअखेर खोली रिकामी करायला लावतो. आणि या वेळी मंडपात कुणाला विचारणार नाही, विमाबाई. ती खोली तुमची."

२

ती खोली! विमाबाईच्या आयुष्यात हाव अशी एकाच गोष्टीची होती. तिच्या स्वतःच्या खिडकीतून दिसायची शेजारच्या घराची भिंत आणि भिंतीवरून उतरलेले सांडपाण्याचे पाइप. कुठला पाइप कधी गळतो हे तिला तोंडपाठ होतं. आणि भिंतीपलीकडे, त्याच मजल्यावर, तीन खिडक्यांची बागेवरची खोली. तिथले जुने हेडमास्तर मुलीकडे राहायला गेले तेव्हा विमाबाईनं मनातल्या मनात पलंग कुठे ठेवायचा हेही ठरवून टाकलं होतं.

पण इथली रीत अशी, की खोली रिकामी झाली की नवं माणूस बागेला शोभेल का, यावर मंडपात सगळे बोलणार. सगळे बोलले. बागेत तरुण माणूस हवं म्हणाले, संगीत हवं म्हणाले. विमाबाईचं नाव कुणीतरी काढलं, तर नानांची सून म्हणाली, "त्या काय, आहेतच." आणि खोली बासरी शिकवणाऱ्या पोरीला मिळाली. तेव्हापासून पलीकडे बासरी सुरू झाली की इकडे विमाबाईच्या पोटात दुखायला लागे. वाईट वाजवत असती तरी एक वेळ चाललं असतं. मेली वाजवायचीही सुरेख.

विमाबाई जिन्याच्या चौकात तिची वाट बघत थांबली. दोन्ही बिऱ्हाडांची दारं याच चौकात उघडायची. खाली फाटक केंकाटलं, तेव्हाच बासरीवाली आली हे कळलं. फाटक बिजागरीत लोंबलं होतं. जुनी माणसं ते किंचित उचलून मग ढकलत, त्यामुळे त्यांच्या हाताखाली ते मुकाट उघडे. नाना ते दुरुस्त करू देत नसत. "वाजलं की परकं कोण आलं ते घरबसल्या कळतं," म्हणत. बासरीवाली येऊन वर्ष होत आलं तरी फाटक तिला परकीच मानत होतं.

"काकू, आत या ना," ती धापा टाकत म्हणाली.

आत गेल्यावर विमाबाईचा जीव आणखीच जळाला. तिन्ही खिडक्यांतून ऊन आत आलं होतं. भिंतींना फिकट पिवळा रंग नवा दिलेला. खाली मंडप, पट, गुलमोहर, सगळं ताटात वाढल्यासारखं समोर.

"शनिवारी मोहरे कोठीत कुणी ठेवले?"

"मीच, शिकवणीच्या मुलींना घेऊन. सगळे होते, काकू. वजीर मी स्वतः उचलला होता. त्याच्या मुकुटाला भेग आहे, ती हाताला लागते म्हणून मुलींना देत नाही."

"आणि किल्ली?"

"दाराबाहेरच्या खिळ्याला. हेडमास्तर तिथेच लावायचे म्हणे, म्हणून मीही तिथेच लावते."

म्हणजे चौकात येईल त्याच्या हाताला लागेल अशी. विमाबाईनं खिळा पाहिला. त्याच्या खाली एक लाकडी पेटी होती, शिकवणीच्या सतरंज्या ठेवायची. पेटीला कुलूप नव्हतं. पेटीशेजारी भिंतीला कोठीची शिडी टेकवलेली, आणि शिडीच्या पायऱ्यांवर पिवळ्या रंगाचे ओघळ तसेच वाळलेले.

"ही परत नाही केलीस?"

"एकदा केली होती. कुणीतरी पुन्हा दाराशी आणून ठेवली. का ते कळलंच नाही."

का ते विमाबाईला चांगलं ठाऊक होतं. पुसल्याशिवाय परत केलेली शिडी तिनंच रागानं वर आणून ठेवली होती, आणि ही गोष्ट बागेभर सांगितलीही होती.

विमाबाई जायला निघाली तेव्हा बासरीवाली घाबरून म्हणाली, "काकू, माझ्यावर संशय आहे का? दुसरीकडे खोली मिळणं सोपं नाही. भिंतीपलीकडे दिवसभर बासरी चालेल म्हटलं की लोक दारच लावून घेतात."

विमाबाई आपल्या दाराकडे वळली. कारण जे उत्तर जिभेवर आलं होतं, ते तिचं तिलाच आवडलं नाही.

३

घरोघर विचारत विमाबाई दातांच्या डॉक्टरांकडे पोचली तेव्हा शुक्रवार उजाडला होता. डॉक्टर कोपऱ्यावरच्या घरात राहत आणि खालीच दवाखाना चालवत. रविवारी पटावर त्यांच्याइतकं कुणी जिंकत नसे. पूर्वी त्यांचा डाव बघायला गर्दी जमायची. हल्ली ती गर्दी रविवारीसुद्धा बासरीवालीच्या सज्जाखाली जमू लागली होती.

"मी कशाला चोरू?" डॉक्टर भडकले. "वजिराशिवाय मी खेळणार कशानं?"

"डाव बंद पडले तर हरायची भीती नाही, डॉक्टर. आणि बघायला कुणी येत नाही हेही झाकून जातं."

डॉक्टरांच्या नाकाला मिरच्या झोंबल्या. पण थोड्या वेळानं हत्यारं उकळायला ठेवता ठेवता त्यांनी आपण होऊन तोंड उघडलं. "मी सांगणार नव्हतो, उगाच मत्सरानं बोलतो असं वाटेल. शनिवारी दिवे लागायच्या वेळी मी याच खिडकीशी हात धूत होतो. बागेतून कुणीतरी नानांच्या फाटकातून आत गेलं. छातीशी शालीत गुंडाळलेलं काहीतरी होतं, तान्हं मूल न्यावं तसं. तोंड दिसलं नाही. पण तीच असणार."

"तीच कशावरून?"

"मग दुसरं कोण?"

विमाबाई खिडकीशी गेली. खिडकी उघडी होती. समोर फाटक, मध्ये फक्त रस्ता. "शनिवारीही खिडकी उघडीच होती?"

"उकडत होतं म्हणून सताड उघडी."

"फाटक वाजलं?"

डॉक्टर विचारात पडले. "नाही," ते म्हणाले. "आवाज झाला असता तर मी आधीच वर पाहिलं असतं आणि तोंडही दिसलं असतं."

इतक्यात बाहेरून हाका ऐकू आल्या. नानांची सून रस्त्यातूनच ओरडत होती, "विमाबाई, चला लवकर! झडती घ्यायची म्हणजे आत्ताच घ्यायची!"

४

सूनबाईला आपल्या धाकट्या भावासाठी ती खोली हवी होती, हे बागेत सगळ्यांना माहीत होतं. त्यामुळे न्यायाची तिला एवढी घाई का, हे कुणी विचारलं नाही. तिच्या मागून अर्धी बाग जिना चढून वर आली. बासरीवालीची कपाटं उघडली, पलंगाखाली पाहिलं, सज्जातल्या कुंड्यासुद्धा हलवल्या. ती बिचारी भिंतीला टेकून उभी होती. "बघा, सगळं बघा," एवढंच म्हणत होती.

शेवटी सूनबाईनं चौकातली पेटी उघडली आणि गुंडाळलेल्या सतरंज्यांत हात घातला.

पांढरा वजीर सतरंजीच्या घडीत आडवा निजला होता.

"काल संध्याकाळी मी सगळ्या सतरंज्या बाहेर काढल्या होत्या," बासरीवाली ओरडली. "पेटी अगदी रिकामी होती! मुलींना विचारा!"

"चोराच्या उलट्या बोंबा," सूनबाई म्हणाली. जिन्यावर उभ्या असलेल्या माणसांपैकी एकानंही तिच्या बाजूनं शब्द काढला नाही. नाना तेवढं म्हणाले, "महिनाअखेर," आणि भिंतीचा आधार घेत खाली उतरून गेले.

विमाबाईच्या अंगातून आनंदाची एक लाट गेली. खोटं कशाला बोला, गेलीच. पलंग मधल्या खिडकीशी, आरामखुर्ची शेवटच्या खिडकीशी, हे तिनं पुन्हा एकदा ठरवून टाकलं. मग नोकरीतली जुनी सवय म्हणून म्हणाली, "वजीर माझ्याकडे राहू द्या. उद्या संध्याकाळी मंडपात सगळ्यांसमोर मी नानांना देईन."

घरी आल्यावर तिनं वजीर जेवणाच्या टेबलावर ठेवला, दिवा लावला आणि बोटं मुकुटावरून फिरवली. तिथली भेग नाहीशी झाली होती.

५

भेग बुजवून, वरून घासून इतकी एकसारखी केली होती की जागा डोळ्यांना सापडेना. अंगाला तेल लावून पुसलेलं, लाकडाच्या रेषा उठून दिसत होत्या. वजीर उलटा केला, तर बुडाला हिरव्या बनातीची, जाड लोकरी कापडाची, गोल चकती चिकटवलेली, फरशीवर खरवडू नये म्हणून.

विमाबाई खुर्चीत बसली. राखेवरून दुकानदार पकडणारी बाई ती, हे तिला दिसणार नाही असं कसं होईल? घाईत चोरून लपवणारा माणूस तेल लावत बसत नाही. गोंद वाळायला दिवस जावे लागतात, म्हणजे वजीर इतके दिवस दुसरीकडेच होता आणि आदल्या संध्याकाळनंतर पेटीत आला. पोरगी खरं बोलत होती. आणि जिनं रंगाचे ओघळ पुसल्याशिवाय शिडी परत केली, ती वजिराच्या बुडाला बनात लावेल होय? हे काम ज्याच्या रक्तात बागेचा नियम भिनलाय अशा माणसाचं. चोरी करतानाही वस्तू नेली त्याहून बरी करून ठेवायची, ही चूक या बागेतल्या जुन्या माणसाशिवाय जगात कुणी करणार नाही.

पोकळ्या बुजवणं हा कुणाचा धंदा, हे आठवून ती तशीच दवाखान्यात गेली. डॉक्टरांनी वजीर दिव्याखाली धरला आणि हळहळले.

"हे माझं काम नाही. इतकं सुबक मला दातातसुद्धा जमत नाही. आणि एक सांगू, विमाबाई? ज्यानं हे केलंय, त्याला वजीर स्वतःकडे ठेवायचा नव्हताच. परत द्यायची वस्तूच माणूस अशी दुरुस्त करतो."

परत येताना तिच्या डोक्यात एकच प्रश्न होता: फाटक न वाजवता आत येणारा, चौकातल्या खिळ्याची किल्ली घेऊन पुन्हा लावणारा, चौकात उभा राहिला तरी ज्याचं कुणाला काही वाटणार नाही, असा माणूस कोण? नाना गुडघ्यांमुळे वर येत नसत, आज आले ते भिंत धरून. सूनबाईला साधी गुंडी लावता येत नव्हती. वरच्या मजल्यावरचे भाडेकरू महिनाभर गावाला गेले होते.

घरात येऊन तिनं खुर्ची मागे ओढली. खुर्ची नेहमीसारखी मुकाट सरकली. आजवर त्या खुर्च्यांचा आवाज झालेला तिला आठवेना, आणि जे वाजत नाही त्याच्याकडे माणसाचं लक्ष जात नाही.

तिनं खुर्ची उलटी केली. चारही पायांना हिरव्या बनातीच्या गोल चकत्या होत्या.

काखेत कळसा आणि गावाला वळसा, दुसरं काय! नवऱ्याचं चष्म्याचं दुकान होतं तेव्हा फ्रेमा मांडायच्या तबकांना हीच बनात लावलेली असायची. दुकान बंद केल्यावर उरलेली गुंडाळी तो घरी घेऊन आला होता. विमाबाई खुर्चीचा पाय हातात धरून तशीच जमिनीवर बसून राहिली.

६

विमाबाईच्या नवऱ्याला, चष्मेवाल्यांना, बागेत सगळे ओळखत ते त्यांच्या एका खोडीमुळे. कुठेही गेले की टेबलावर पडलेले लोकांचे चष्मे उचलून पुसून ठेवायचे. कमी बोलणारा, मऊ माणूस. मागच्या गॅलरीत त्यांचं कामाचं टेबल होतं आणि विमाबाई तिथे कधी फिरकत नसे, गोंदाच्या वासानं तिचं डोकं दुखायचं.

दुसऱ्या दिवशी दुपारी जेवणं झाल्यावर तिनं वजीर त्यांच्यापुढे ठेवला आणि शेजारी उलटी खुर्ची.

"अहो, कशासाठी?"

चष्मेवाल्यांनी स्वतःचा चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. नाकारायचा विचारही त्यांच्या चेहऱ्यावर आला नाही.

"पलीकडे बासरी सुरू झाली की तू ताटावरून उठतेस," ते म्हणाले. "वर्ष झालं. जेवण अर्धं टाकतेस आणि त्या पाइपांकडे बघत बसतेस. दुकान चाललं नाही, घर झालं नाही. तू कधी बोलून दाखवलं नाहीस. एका खोलीसाठी मात्र रोज बोलायचीस. म्हटलं, ती तरुण आहे, तिला मिळेल दुसरीकडे. ती गेली की वजीर परत येणारच होता."

"आणि दुरुस्त कशाला करत बसलात?"

"हातात आला तर भेग दिसली," ते अगदी साधेपणानं म्हणाले. "तशीच कशी परत द्यायची?"

विमाबाईला हसू आलं आणि त्याच्यामागून रडू. ओरडायला तोंड उघडलं, पण ओरडणार कुणावर? वर्षभर तिनं जे तोंडानं ओकलं, ते या माणसानं शालीत गुंडाळून जिना चढवून आणलं होतं. हात त्याचे, विष तिचं.

"सांगणार आहेस?" त्यांनी विचारलं. "नाना आपल्याला घराबाहेर काढतील. या वयात कुठे जायचं गं?"

गप्प बसलं तर तीन खिडक्या. बोललं तर डोक्यावरचं छप्परही जाणार. इतकी वर्षं दुसऱ्यांचं खोटं पकडलं, पण त्यात स्वतःचं कधी काही जात नव्हतं.

दार वाजलं. बासरीवाली उभी होती, डोळे सुजलेले. "काकू, पडदे काढायला मदत कराल का? शिडी वापरायची हिंमत होत नाही आता."

विमाबाई गेली. खोलीत खोकी भरून ठेवली होती. ती मधल्या खिडकीशी स्टुलावर चढली, पडदा ओढून घेतला, आणि पहिल्यांदाच त्या खिडकीसमोर निवांत उभी राहिली. बाग दिसली, मंडप दिसला. आणि चष्मेवाले दिसले. घरात बसवेना म्हणून ते खाली उतरले असावेत. मंडपाकडे जायचा सरळ रस्ता पटावरून होता. ते पटाच्या कडेपर्यंत आले, थबकले आणि कुंपणाकडून मोठा वळसा घालून पलीकडे गेले. परत येतानाही तसेच.

ही खोली मिळाली तर रोज या खिडकीतून हेच बघायचं होतं. विमाबाईनं पडद्याची घडी घातली, मग ती उलगडली आणि पडदा पुन्हा दांडीत ओवायला लागली.

"काकू, काढायचाय तो," बासरीवाली म्हणाली.

"माहीत आहे मला. तू संध्याकाळी मंडपात ये."

७

संध्याकाळी विमाबाई एका हातात वजीर आणि दुसऱ्या हातात स्वतःच्या घरची खुर्ची घेऊन आली. मंडपात बसायला बाकं असताना ही खुर्ची का आणतेय, ते कुणाला कळेना. चष्मेवाले तिच्या मागून आले आणि कडेच्या बाकावर बसले.

तिनं सगळं ओळीनं सांगितलं. फाटक वाजलं नाही, म्हणजे आत गेलेला माणूस जुना. पेटी आदल्या संध्याकाळी रिकामी होती, हे तिनं मुलींना विचारून पाहिलं होतं, म्हणजे वजीर तोवर कुठेतरी सांभाळून ठेवला होता. मग तिनं वजीर नानांच्या मांडीवर ठेवला. "भेग शोधा."

नानांची बोटं मुकुटावर फिरत राहिली. भेग काही सापडेना.

"या मुलीला वस्तू बरी करून परत द्यायची रीत ठाऊक नाही, हे मीच तुम्हा सगळ्यांना तिखटमीठ लावून सांगितलं होतं. तुम्ही सगळे खो खो हसलात. मग हे एवढं कष्टाचं काम ती करेल का? काल वजीर हातात घेऊन नीट बघायचंही आपल्यापैकी कुणाला सुचलं नाही. चोर सोडून संन्याशाला फाशी द्यायला निघालो होतो आपण."

मग तिनं वजीर आडवा केला आणि खुर्ची उलटी करून त्याच्या शेजारी ठेवली. दोन्हीकडची हिरवी बनात सगळ्यांना दिसली.

चष्मेवाले उभे राहिले. "मी नेला," ते म्हणाले.

"बसा तुम्ही. माझं संपलं नाही अजून." विमाबाई सगळ्यांकडे वळली. "नेला यांनी, पण न्यायला लावला मी. या मुलीची खोली माझ्या डोळ्यांत खुपत होती. तिचं वाजवणं खुपत होतं, तुम्ही तिचं कौतुक करता ते खुपत होतं. रोज घरात बसून मी जळत होते आणि ती धग यांना लागत होती. काल वजीर पेटीत सापडला तेव्हा मला आनंद झाला, नाना. तो कुणी ठेवला हे कळायच्या आधीचा आनंद. घर सोडा म्हणालात तर सोडतो."

नानांनी वजीर पुन्हा मांडीवर घेतला. "भाऊ असता तर त्यानं आधी चष्मेवाल्यांना शिव्या दिल्या असत्या," ते म्हणाले, "आणि मग विचारलं असतं, गोंद कुठला वापरलात? माझा राग मात्र इतक्यात जाणार नाही. घराचं काय करायचं ते मंडपानं सांगावं."

सूनबाई मान खाली घालून ओढणीचं टोक पिळत होती. शेवटी डॉक्टर खाकरले. "सांगायला तोंड कुणाला आहे? काल पेटी उघडली तेव्हा जिन्यावर आपण सगळेच होतो."

तेव्हा घर राहिलं. कोठीच्या किल्लीची पाळी मात्र त्यांच्या घरी पुन्हा यायची नाही, असं ठरलं. परक्या माणसाला ही शिक्षा पोरकट वाटेल. चष्मेवाल्यांनी ती ऐकली आणि त्यांचा चेहरा उतरला.

माणसं पांगली. बासरीवाली मात्र थांबली होती. ती विमाबाईसमोर येऊन उभी राहिली, तेव्हा विमाबाईनं मनाशी म्हटलं, आता ही चार शब्द सुनावेल, आणि सुनावावेतच. मला जरा बरं तरी वाटेल.

"मी काकांवर रागावलेय," मुलगी म्हणाली. "तुमच्यावर तर जास्तच. राग काही लगेच जाणार नाही. पण काकू, खिडक्या तीन आहेत आणि मी एकटी. एक तुमची. संध्याकाळी येऊन बसत जा. फक्त शिकवणी चालू असताना बोलायचं नाही."

विमाबाईला नाही म्हणता आलं नाही. "येईन," ती पुटपुटली आणि खुर्ची उचलून नवऱ्यामागून घराकडे निघाली. चष्मेवाल्यांनी फाटक उचलून उघडलं आणि तिला आधी आत जाऊ दिलं. जिना चढताना छातीत पुन्हा ती ओळखीची जळजळ सुरू झाली. आजवर पोरीकडे नुसती खोली होती. आता मनाचा मोठेपणाही तिच्याचकडे गेला होता, आणि त्याचाही विमाबाईला हेवा वाटत होता.